दंगल, युद्ध आणि जळालेली दप्तरं: न्याय मागताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे जिल्ह्यातल्या एका सरकारी अभिलेख कक्षात मी ३१ वर्षं काम केलं. लाल रुमालात बांधलेले गठ्ठे, वाळवी, पावसाळ्यात ओल धरणारी भिंत आणि नकलेसाठी खिडकीवर ताटकळलेली माणसं, यातच नोकरी सरली. निवृत्तीनंतर एका वकील मैत्रिणीबरोबर शनिवारी दुपारी मुंब्र्यात बसते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून इकडे आलेली कुटुंबं येतात, भिवंडीची येतात, उल्हासनगरची जुनी सिंधी मंडळी येतात. हल्ली नवी मुंबईत नोकरी करणारी ईशान्येकडची मुलंही येतात. प्रत्येकाची गोष्ट वेगळी, पण सगळी एकाच जागी येऊन अडतात: घडलं ते खरं, कागद कुठे आहे?

ते प्रश्न आणि मला ठाऊक असलेली उत्तरं इथे लिहिते आहे. तुमच्या प्रकरणापुरता कायद्याचा सल्ला वकिलाकडूनच घ्या. मी बोलते ते दप्तराच्या बाजूनं.

दंगलीच्या खटल्यात साक्षीदार महत्त्वाचा. जुन्या दप्तराचं तिथे काय काम?

साक्षीदार लागतोच. पण तो म्हातारा होतो, घाबरतो, गाव सोडतो, आणि एक दिवस जातो. ३० वर्षांनी न्यायाधीशापुढे उरतं ते त्या दिवशी कुणीतरी लिहून ठेवलेलं. पोलीस ठाण्याच्या डायरीतली नोंद, सरकारी रुग्णालयाचं एमएलसी रजिस्टर (पोलिसांशी संबंध येणाऱ्या जखमींची वही), शवागाराची वही, पंचनामा.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये ९०० माणसं मेली, १६८ बेपत्ता झाली. सुप्रीम कोर्टानं या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल दिला. तोवर बेपत्तांपैकी ६० जणांच्या घरच्यांना भरपाई मिळाली होती. १०८ जणांच्या घरी ती पोहोचलीच नव्हती, कारण कुणाचा पत्ता लागला नाही, कुणाची कागदपत्रं पुरी झाली नाहीत. ९७ फौजदारी खटले निष्क्रिय म्हणून बाजूला पडले होते. त्यांची यादी हायकोर्टाकडे द्या असं कोर्टानं सांगितलं, आणि १०८ कुटुंबांच्या शोधावर लक्ष ठेवायला समिती नेमली.

हे आकडे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. ज्यांचं घर जळालं त्यांचा पत्ता जुन्या घरी सापडणारच नव्हता. त्यातली किती कुटुंबं खाडीच्या अलीकडे आमच्या बाजूला येऊन राहिली असतील, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

‘अभिलेख आढळून येत नाही’ असं उत्तर आलं. याचा अर्थ कागद नष्ट झाला का?

बहुतेक वेळा नाही. या एका वाक्याखाली चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. तुमच्या बाबतीत कोणती, ते आधी काढून घ्या. पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो.

कागद खरोखरच गेलेला असू शकतो. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा किती विभागांच्या फायली गेल्या, हे आपण पाहिलं. २६ जुलै २००५ च्या पुरात आपल्या जिल्ह्यातली कितीतरी तळमजल्यावरची दप्तरं चिखलात बुडाली. अशा वेळी आगीचा किंवा पुराचा पंचनामा असतो, नुकसानीची यादी असते. ती मागा.

कागद असतो, पण सापडत नाही. माझ्या अनुभवात हे सर्वांत जास्त. फेरफार, म्हणजे जमिनीवरच्या नावातल्या बदलाची नोंद, दुसऱ्या गावाच्या रुमालात बांधला गेलेला असतो, किंवा कोणी नक्कल काढायला नेलेला असतो आणि परत त्या जागी ठेवलेला नसतो. एकदा मी स्वतः एका बाईंना ‘मिळून आला नाही’ असा शेरा मारून परत पाठवलं होतं. ४ महिन्यांनी तो कागद शेजारच्या सजाच्या, म्हणजे शेजारच्या तलाठ्याच्या हद्दीच्या, गठ्ठ्यात हाती लागला. तोवर त्यांची मुदत निघून गेली होती. त्या शेऱ्यावर सही माझी आहे आणि ती मी विसरलेले नाही.

कागद असतो, सापडतोही, पण देत नाहीत. ‘जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही’ हा यातलाच प्रकार. जीर्ण कागद पाहता येतो, त्याचा फोटो काढता येतो, त्याचं पानोपान वाचन लिहून घेता येतं. गोपनीय म्हणून नाकारलं तर ते कोणत्या कलमाखाली, हे लेखी विचारा.

आणि चौथा प्रकार: कागद कधी लिहिलाच गेला नाही. हा मला सगळ्यांत क्रूर वाटतो. दिल्लीत १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारात वेगवेगळ्या गल्ल्यांमधले खून एकाच फिर्यादीत गुंडाळले गेल्याचं नंतरच्या चौकशांमध्ये पुढे आलं. जाळलं गेलेलं दप्तर निदान होतं तरी. जे लिहिलंच नाही ते कुठल्या रुमालात शोधायचं?

घरातले सगळे कागद जळाले. आता हक्क गेला समजायचं का?

नाही. हक्क कागदात नसतो, कागद त्याचा पुरावा असतो. मूळ कागद हरवला किंवा नष्ट झाला, आणि तो तुमच्या चुकीनं गेलेला नसेल, तर दुय्यम पुरावा देता येतो. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्ये हे कलम ६० मध्ये आहे. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. जुन्या कायद्यात हेच कलम ६५ होतं. छायाप्रत चालते, जुळवून पाहिलेली नक्कल चालते, आणि ज्यानं तो कागद स्वतः पाहिला आहे त्याची तोंडी साक्षही चालते.

अट एवढीच की आधी पाया घालावा लागतो: असा कागद होता, तो कोणाकडे होता, कसा गेला, आणि शोधायचा प्रयत्न काय केला. म्हणून गहाळ झाल्याची पोलिसांकडे दिलेली नोंद, अर्जांच्या पोच, ‘आढळून येत नाही’ ची पत्रं हे सगळं जपून ठेवा. अनेकजण चिडून ती पत्रं फाडून टाकतात. तोच तर पायाचा दगड असतो.

दुय्यम पुरावा आणायचा कुठून?

या उत्तरासाठीच खरं तर मी लिहायला बसले. नोकरीत शिकलेली एकच गोष्ट कुणाला द्यायची झाली तर ती ही: प्रत्येक सरकारी कागदाचं एक भावंड दुसऱ्या कार्यालयात असतं. ज्या कार्यालयानं तो कागद तयार केला तिथून तो दुसरीकडे कळवला गेलेला असतो, कुठे तरी आवक झालेला असतो, कुणी तरी त्याच्या आधारावर आणखी एक कागद बनवलेला असतो.

फिर्याद पोलीस ठाण्यातून गेली तरी तिची प्रत दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात गेलेली असते. दोषारोपपत्राच्या प्रती कोर्टाकडे, सरकारी वकिलांकडे आणि आरोपीच्या वकिलाकडे असतात. हो, समोरच्या वकिलाच्या माळ्यावरही तुमचा पुरावा असू शकतो. जखमीची नोंद पोलिसांकडे नसेल तर रुग्णालयाच्या रजिस्टरात पाहा. मृतदेहाची पोलिसांकडे नोंद नसेल तर महापालिकेच्या स्मशानाच्या किंवा कब्रस्तानाच्या वहीत पाहा. विमा, बँक, पोस्टाचं बचत खातं, गिरणीचं मस्टर, भविष्य निर्वाह निधी, यातल्या प्रत्येक ठिकाणी नाव, पत्ता आणि वारस लिहिलेला असतो.

जमिनीचं तसंच. खरेदीखत घरात जळालं तर दुय्यम निबंधकांकडे त्याची नोंद आहे, सूची क्रमांक २ वर नावं आहेत. तलाठ्याकडचं गेलं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात पाहा, मोजणीचं भूमी अभिलेख कार्यालयात पाहा. जुन्या हस्तलिखित नोंदी स्कॅन होऊन सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर आल्या आहेत का, तेही बघा.

आणि शाळा विसरू नका. शाळेचं जनरल रजिस्टर हा आपल्याकडचा सर्वांत दुर्लक्षित दस्त. आमच्याकडे एक आजी यायच्या. नवरा जानेवारी १९९३ मध्ये कामावर गेला तो परतला नाही. घर जळालं होतं, रेशन कार्ड नाही, लग्नाचा कागद नाही. त्या घरात तो राहत होता हे दाखवायला काहीच नव्हतं. मुलगा तेव्हा पहिलीत होता. मुंबईतल्या त्या शाळेत गेलो तर दाखल-खारीज रजिस्टरात बापाचं नाव, धंदा, चाळीचा पत्ता, आणि खाली बापाचीच सही. आजींनी त्या सहीवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही. कारकून समजूतदार होता, तोही थांबला.

हे भावंडाचं तत्त्व जगभर खरं आहे. आयर्लंडमध्ये ३० जून १९२२ ला यादवीच्या लढाईत डब्लिनचा सरकारी दप्तरखाना उडाला. त्यात १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेची बहुतेक मूळ पानं गेली. पण त्याआधी १९०९ पासून म्हाताऱ्या माणसांनी वृद्धापकाळ पेन्शनसाठी वय सिद्ध करायला त्याच जनगणनेतले उतारे मागवले होते. ते अर्ज दुसरीकडे राहिले, म्हणून त्या कुटुंबांची नावं वाचली. गरिबांच्या पेन्शन अर्जांनी राष्ट्राचा इतिहास सांभाळला. १०० वर्षांनी, २०२२ मध्ये, अशाच विखुरलेल्या प्रती गोळा करून तो दप्तरखाना संगणकावर पुन्हा उभा करण्यात आला.

पोलीस सांगतात, ‘तेव्हाचं रेकॉर्ड मुदत संपल्यावर नष्ट केलं.’ असं करता येतं?

काही दस्तांचं करता येतं. सरकारी कार्यालयात कागदाचा वर्ग ठरलेला असतो. अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षं, क वर्ग १० वर्षं, क-१ वर्ग ५ वर्षं, ड वर्ग १ वर्ष. मुदत संपली की निंदणीकरण होतं, म्हणजे ते कागद वेगळे काढून नष्ट करतात. पोलीस आणि कोर्टाच्या दस्तांना त्यांचे स्वतःचे नियम आहेत.

पण नष्ट करायचीही एक रीत असते. यादी करावी लागते, वरिष्ठाची मंजुरी घ्यावी लागते, आणि ती यादी जपून ठेवावी लागते. म्हणून तोंडी उत्तरावर परत फिरू नका. माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा: तो दस्त कोणत्या वर्गातला, नष्ट केल्याच्या यादीचं पान, आणि मंजुरीचा आदेश. यादीच मिळत नसेल तर ‘नष्ट केलं’ या म्हणण्याला आधार उरत नाही, आणि ते कोर्टाला सांगता येतं.

फाइल सापडत नाही हे माहिती नाकारण्याचं कारण माहिती अधिकार कायद्यात कुठेही नाही. दिल्ली हायकोर्टानं २०१३ मध्ये स्पष्ट केलं की कधीकाळी कार्यालयात असलेली माहिती सापडत नसेल तर कसून शोध घ्यायचा आणि जबाबदारी निश्चित करायची. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला त्याखाली ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जात या कायद्याचं नाव लिहा. खिडकीच्या आत बसलेली मी सांगते, ते नाव वाचलं की गठ्ठे हलतात.

कोर्टातली खटल्याची फाइलच हरवली तर आरोपी सुटतो का?

आपोआप नाही. सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सांगितलं की दस्त उपलब्ध नाही एवढ्यावरून निर्दोष सोडता येत नाही. आधी फाइल पुन्हा उभी करायचा प्रयत्न करायचा, पोलीस, वकील, पक्षकार सगळ्यांकडून प्रती मागवायच्या. तेही जमलं नाही तर फेरसुनावणीचा विचार करायचा. मात्र हे मागायला कुणीतरी कोर्टात उभं राहावं लागतं.

एकच नोंद खटल्याचा निकाल बदलू शकते?

हो. उत्तर प्रदेशातल्या मीरतचा हाशिमपुरा मोहल्ला, २२ मे १९८७. सशस्त्र पोलिसांच्या तुकडीनं मोहल्ल्यातून पुरुषांना ट्रकमध्ये भरून नेलं आणि कालव्याकाठी गोळ्या घातल्या. २१ मार्च २०१५ ला दिल्लीच्या सत्र न्यायालयानं १६ आरोपींना सोडलं, कारण ते त्या ट्रकवर होते हे सिद्ध झालं नाही. अपिलात जास्तीचा पुरावा आला. त्यात पोलीस लाइनची जनरल डायरी होती. त्या दिवशी कोण जवान कुठे निघाले, याची रोजच्या सवयीनं केलेली नोंद. ३१ ऑक्टोबर २०१८ ला दिल्ली हायकोर्टानं त्या १६ जणांना जन्मठेप दिली.

३१ वर्षं लागली. ती डायरी पहिल्या वर्षीच कोर्टापुढे आली असती तर किती आया-बायकांनी तो निकाल डोळ्यांनी पाहिला असता, असं माझ्या मनात येतं.

सत्तेतल्या लोकांनीच दप्तर लपवलं तर काय करणार?

ग्वाटेमाला या देशात ३६ वर्षं यादवी चालली, १९९६ मध्ये शांतता करार झाला. सत्यशोधन आयोगानं पोलिसांची कागदपत्रं मागितली, तर तसं दप्तरच नाही असं उत्तर मिळालं. जुलै २००५ मध्ये मानवाधिकार लोकपालांची माणसं राजधानीतल्या एका पोलीस आवारात साठवलेल्या स्फोटकांची पाहणी करायला गेली, आणि तिथे ओल, उंदीर, वटवाघळं यांच्यात छतापर्यंत रचलेली सुमारे ८ कोटी पानं सापडली.

एडगर फर्नांडो गार्सिया हा विद्यार्थी आणि कामगार कार्यकर्ता १८ फेब्रुवारी १९८४ ला नाहीसा झाला होता. त्याच्या पत्नीनं इतर नातेवाइकांबरोबर बेपत्तांसाठी संघटना उभी केली होती. त्या पानांमध्ये त्या दिवशीच्या, त्या जागेच्या कारवाईसाठी काही पोलिसांना शाबासकी द्यावी अशी शिफारस निघाली. २०१० मध्ये त्यातल्या दोघांना ४० वर्षांची शिक्षा झाली.

म्हणजे दप्तर लपवणाऱ्यांनाही ते जाळवलं नाही. कारकुनाचा हा स्वभाव मला ओळखीचा आहे. आलेला कागद नोंदवायचा, क्रमांक टाकायचा, गठ्ठ्यात लावायचा. म्हणून ‘नाही’ हे उत्तर कायमचं मानू नका. ५ वर्षांनी पुन्हा अर्ज करा.

युद्धात जमिनीच्या कार्यालयांवर हल्ला कशासाठी?

ठाणेकराला हे समजावून सांगायला नको. सातबाऱ्यावरचं नाव गेलं की माणूस परत आला तरी दारात उभा राहतो, आत जाता येत नाही.

सीरियातल्या होम्स शहराचं जमीन नोंदणी कार्यालय जुलै २०१३ मध्ये जळालं. लाखो लोक तेव्हा पळालेले होते. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं कायदा क्रमांक १० आणला: पुनर्विकासाच्या भागात मालकी सिद्ध करायला ३० दिवस. जगभर ओरड झाल्यावर मुदत वर्षाची झाली. परदेशातल्या छावणीत बसलेल्या, कागद जळालेल्या, परतायची भीती असलेल्या माणसाला वर्ष तरी काय पुरणार?

कोसोवोमध्ये १९९९ ला माघार घेताना सर्बियन अधिकारी जमिनीच्या नोंदीच घेऊन गेले. नोंदी जिवंत, पण दुसऱ्या देशात. त्यांच्या प्रती परत देण्याबद्दल करार झाला तो २०११ मध्ये. मधल्या १२ वर्षांत एकेका घराचे दोन-दोन मालक उभे राहिले.

१९५४ च्या हेग करारात युद्धकाळात जपायच्या वारशात महत्त्वाच्या दप्तरांचाही समावेश आहे. भारतानं तो १९५८ मध्ये मान्य केला. पण तालुक्याच्या जमीन कार्यालयाला ‘वारसा’ म्हणून कोण पाहतं? माझ्या मते तोच सगळ्यांत मोठा वारसा आहे.

मी खारघरला नोकरी करते. मणिपूरमधलं आमचं घर जळालं, आई-वडील छावणीत आहेत. सुरुवात कुठून करू?

बेटा, आधी आई-वडिलांची नावं छावणीच्या यादीत बरोबर लिहिली आहेत का ते बघून घे. स्पेलिंगसकट. पुढचे सगळे कागद त्या यादीवरून बनतील.

३ मे २०२३ नंतरच्या हिंसाचारावर सुप्रीम कोर्टानं तीन निवृत्त महिला न्यायमूर्तींची समिती नेमली. अध्यक्ष न्यायमूर्ती गीता मित्तल. त्यात मुंबई हायकोर्टाच्या माजी न्यायमूर्ती शालिनी फणसळकर-जोशीही आहेत. या समितीनं आपल्या पहिल्या अहवालांपैकी एक अहवाल नुसता हरवलेल्या कागदपत्रांवर दिला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. विस्थापितांना पडताळणी करून आधार कार्ड पुन्हा द्यावं, असंही कोर्टानं सांगितलं. आधार मिळालं की त्याच्याशी जोडलेलं बँक खातं आणि पॅन मागे येतात.

फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, झिरो एफआयआर म्हणून. ती इथेही नोंदवता येईल आणि तिची प्रत तुला फुकट मिळायला हवी. तुझ्या स्वतःच्या जुन्या कागदांमध्येही शोध. कॉलेज प्रवेशाच्या वेळी जोडलेला बापाचा रहिवासी दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, एचआरकडे दिलेल्या प्रती. घर तिकडे जळालं, पण त्याची भावंडं तू बरोबर घेऊन आली आहेस.

आता सगळं ऑनलाइन आहे. मग ही काळजी जुनी झाली ना?

थोडी कमी झाली. डिजिलॉकरमधला दाखला आगीत जळत नाही. पण मणिपूरमध्येच मे २०२३ पासून कित्येक महिने मोबाइल इंटरनेट बंद होतं. कागद सुरक्षित, माणूस जिवंत, आणि मधला रस्ता बंद. गोळी न झाडता दप्तर हाताबाहेर जाण्याचा हा नवा प्रकार आहे.

शिवाय स्कॅन करताना पानाची मागची बाजू राहून जाते. फेरफाराचा खरा मजकूर कित्येकदा मागेच असतो. हरकती, शेरे, मंडळ अधिकाऱ्याची सही. स्कॅन झालं म्हणून मूळ रुमाल टाकून देऊ नये, यासाठी मी नोकरीत असताना भांडले आहे.

कधी कधी नोंद नसलेलीच बरी, असं होत नाही का?

होतं. आणि हे मान्य केल्याशिवाय दप्तराची बाजू घेता येत नाही. नाझींच्या ताब्यातल्या अॅमस्टरडॅममध्ये २७ मार्च १९४३ ला प्रतिकार गटानं लोकसंख्या नोंदणी कार्यालय स्फोटानं उडवलं, कारण त्या कार्डांवरून ज्यूंना शोधून छळछावण्यांत पाठवलं जात होतं. रवांडात १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर ओळखपत्र तपासून, त्यावरची जमात वाचून माणसं मारली गेली. ती नोंद बेल्जियन राजवटीनं सुरू केली होती.

म्हणून पीडितांच्या याद्या करणाऱ्या तरुणांना मी हात जोडून सांगते: नावं, पत्ते, धर्म, फोन असलेली यादी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका. एक प्रत वकिलाकडे, एक तुमच्यापासून लांब राहणाऱ्या विश्वासू माणसाकडे. बस्स.

घरचा माणूस बेपत्ता आहे. मृत्यूचा दाखला नाही, मग पेन्शन, खोली, खातं सगळं अडलं आहे.

ज्यांना त्याची खबर मिळायला हवी होती त्यांना ७ वर्षं ती मिळाली नाही, तर मृत्यू झाला असं कायदा गृहीत धरतो. साक्ष अधिनियमाचं कलम १११. ही ७ वर्षं मोजायला सुरुवातीचा कागद लागतो, म्हणजे बेपत्ता झाल्याची तक्रार. ती उशिरा दिली असेल तरी द्या. दंगलीच्या भरपाईसाठी सरकारचा वेगळा निर्णय असेल तर त्याच्या अटी वेगळ्या असतात, त्या पाहा. मृत्यू झाल्याचं कोर्टाकडून जाहीर करून घ्यायला दिवाणी कोर्टात जावं लागतं.

या घरांमध्ये बायका कपाळावर काय लावायचं, हेही ठरवू शकत नाहीत. त्यांना आम्ही घाई करत नाही.

दंगल-युद्ध नाही, पण आमच्या गावची जमीन नवी मुंबईत गेली. साडेबारा टक्के योजनेतल्या भूखंडासाठी आजोबांचे कागद मागतात.

९५ गावांचा हा प्रश्न आहे आणि त्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये पाच जणांनी जीव दिला, तेव्हा ‘संघर्ष नाही’ म्हणू नका. निवाड्याची, म्हणजे जमीन संपादित केल्याच्या आदेशाची, नक्कल भूसंपादन कार्यालयाकडे मागा. संपादनाआधीचा सातबारा आणि वारसाचे फेरफार तहसीलमध्ये. नावात फरक असेल, ‘पाटील’ च्या जागी ‘म्हात्रे’ लागलं असेल, तर शाळेचा दाखला आणि मतदार यादी जोडा.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

जातीय हिंसा, अत्याचार, पूर, भूकंप अशा संकटात सापडलेल्यांना, तसंच प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२. हेल्पलाइन १५१००, किंवा ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण.

आम्ही उल्हासनगरचे. पणजोबांचे सिंधमधल्या घराचे कागद पेटीत आहेत. त्यांचा आता उपयोग काय?

कल्याणच्या लष्करी छावणीत सुमारे लाखभर निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. त्यांच्यातले बहुतेक हात हलवत आले होते. मागे काय सोडलं ते सांगायला १९५० चा दाव्यांचा कायदा आणि १९५४ चा भरपाईचा कायदा झाला. पूर्व पंजाबात तर शेतजमिनीचे दावे त्याच गावच्या निर्वासितांच्या सभेत ऐकले जात. कुणी एकराचे दोन एकर सांगितले की शेजारी उठून अडवायचा. मग सीमेपलीकडून जमाबंदीच्या, म्हणजे तिकडच्या जमीन नोंदींच्या, प्रती आल्या आणि ताळा जुळवला गेला. एकमेकांचं रक्त सांडलेल्या दोन देशांच्या कारकुनांनी एकमेकांना दप्तरं दिली. या गोष्टीचा मला फार आधार वाटतो.

ते कायदे २००५ मध्ये रद्द झाले, त्यामुळे सिंधमधल्या घरासाठी आता नवा दावा होणार नाही. पण इथल्या तुमच्या सनदेचा, खोलीच्या वाटपाचा वाद असेल तर ते कागद साखळीचा पहिला दुवा आहेत. ३० वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला तर त्यावरच्या सह्या खऱ्या मानण्याची तरतूद साक्ष अधिनियमाच्या कलम ९२ मध्ये आहे. ‘योग्य ताबा’ म्हणजे तुमची पेटी. ती कुणाकडे होती, कुणाकडून तुमच्याकडे आली, हे आज घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर तारीख घालून लिहून ठेवा.

कागद उलगडून दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. अरबी लिपीतलं सिंधी वाचणारे आजोबा-आजी हयात असतील तर त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या आणि ते मोबाइलवर टिपा. मग धुतलेल्या सुती कापडात सैल बांधून, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात वरच्या खणात ठेवा. लॅमिनेशन करू नका. प्लास्टिक एकदा चिकटलं की सुटत नाही, आणि उद्या शाई-शिक्का तपासायची वेळ आली तर काही करता येत नाही.